पॅन सोडतोय रे!

इनामदारला मारायचं नाही, हे कांचननं पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. त्यात दयामाया काही नव्हती. मेलेला माणूस बोलत नाही, आणि तिला अभिराम इनामदारच्या तोंडून एकच वाक्य ऐकायचं होतं, तेही चारचौघांत, माइकवर. त्या एका वाक्यासाठी ती तीन वर्षं त्याच्याच कंपनीत 'हो सर, झालं सर' करत राबली.

कंपनीचं नाव 'सहस्रहस्त'. २०३८ साली ही कंपनी कोल्हापुरातल्या एका थंडगार खोलीत बसून बारा साखर कारखान्यांचे पॅन चालवत होती. ज्यांनी कारखाना बाहेरून, धुराड्यापुरताच पाहिलाय त्यांच्यासाठी सांगायला हवं की पॅन म्हणजे दुमजली घराएवढं बंद भांडं. त्यात उसाचा पाक आटतो आणि साखरेचा दाणा धरतो. दाणा कधी धरला, किती वाढला आणि पॅन कधी खालच्या टाकीत सोडायचा, हे ठरवतो तो पॅनमन. तो सळईनं पाकाचा नमुना काढतो, काचेच्या तुकड्यावर पसरतो, दोन बोटांत चोळतो आणि मान हलवतो. ही मान हलवायला शिकण्यात वीस-वीस वर्षं जातात.

कांचनचे वडील केरबा चौगुले नांदगिरी कारखान्यात असेच एकतीस हंगाम पॅनवर होते. त्यांची एक रीत होती, आणि ती त्या कारखान्यातल्या प्रत्येक पॅनमनची होती. पॅन सोडण्याआधी ते कठड्यावरून खाली वाकून तीनदा हाळी द्यायचे, "पॅन सोडतोय रे!" खालून कुणीतरी "सोडा!" म्हणून ओरडेपर्यंत त्यांचा उजवा हात व्हॉल्व्हच्या चाकावर नुसता पडून असायचा. कारण खालची टाकी धुवायला कधी कोण उतरलेला असेल याचा नेम नसतो, आणि सत्तर अंशांचा, गुळासारखा चिकट, टनावारी पाक अंगावर पडला तर माणसाचं काय होतं ते कुणाला सांगावं लागत नाही.

मग इनामदार आला. त्याच्याकडे हातात घालायचा एक मोजा होता.

लांबून बघणं, लांबून बोलणं हे जगानं केव्हाच साधलं होतं. लांबून शिवणं मात्र साधत नव्हतं. चित्र अर्धा सेकंद उशिरा आलं तर डोळा चालवून घेतो, हात चालवून घेत नाही. तुम्ही चाक दाबलं आणि दाबल्याची जाणीव जरा जरी उशिरा पोचली तर हात गोंधळतो, जास्त दाबतो, घाबरून सोडतो आणि थरथरायला लागतो. इनामदारच्या माणसांनी यावर तोड काढली. कारखान्यात एक सर्व्हर बसवायचा. लांबच्या माणसाला आत घेणारा, त्याचा मोजा आणि इथला यांत्रिक हात यांची गाठ घालून देणारा. हा सर्व्हर माणसाचा हात शिकून घ्यायचा. सहा तास मोजा घालून काम केलं की त्याला तुमच्या हाताची पुढची हालचाल आधीच ओळखता यायची, आणि तुमचा हुकूम तारेतून पोचायच्या आत यांत्रिक हात ती करून मोकळा व्हायचा. या शिकलेल्या हाताला ते 'पूर्वहस्त' म्हणायचे. केरबांचा हात त्यांनी सहा तास नव्हे, दोन हंगाम शिकून घेतला आणि बाराही कारखान्यांत बसवला. केरबा शहरातल्या खोलीत मोजा घालून बसायचे आणि बारा ठिकाणी दाणा धरायचा. पेपरात फोटोही आला होता.

सर्व्हर हात शिकला, हाळी नाही शिकला. मोज्याला तोंड नव्हतं. उलट चाकावर चाळीस-चाळीस सेकंद नुसता पडून राहणारा हात त्याला आळशी वाटला असावा. त्यानं तो वेळ वाया जाणारा म्हणून काढून टाकला.

तिसऱ्या हंगामात, फेब्रुवारीतल्या एका दुपारी, नांदगिरीच्या चार नंबरच्या पॅनखाली टाकी धुवायला बजरंग शेळके उतरला होता. पॅन उघडला. बजरंग नऊ दिवसांनी गेला. तो केरबांच्याच गल्लीतला, चोवीस वर्षांचा.

चौकशी कारखान्याच्या सभागृहात झाली. पडद्यावर नोंद दाखवली, 'पॅन सोडला. ऑपरेटर: केरबा चौगुले. उजवा हात.' केरबा उभे राहिले. "सायेब, माझं हात माझ्यापाशी हुतं. मोजा काढून ठेवल्याला. हातात च्याचा कप हुता."

इनामदार हसला होता. मोठ्यानं नाही, समजूतदारपणे, म्हाताऱ्या माणसाकडे बघून हसतात तसा. "केरबा, मशीन खोटं बोलत नसतं."

मागच्या खुर्चीवर बसलेल्या कांचनला ते हसू जिथं लागायचं तिथं लागलं.

केरबांवर खटला भरला गेला. बजरंगची आई रस्त्यात दिसली की तोंडाला पदर लावून दुसऱ्या बाजूनं जायची. त्यांचा शिकलेला हात कंपनी बाराही कारखान्यांत वापरतच राहिली. केरबांनी मात्र तेव्हापासून स्वतःचा उजवा हात वापरणं सोडलं. घरी भिंतीला टेकून बसायचे, उजवा हात मांडीखाली दाबून, आणि जेवायचे डाव्या हातानं. चौगुल्यांच्या घरात डाव्या हातानं जेवणं म्हणजे काय, हे ज्याला कळतं त्याला कळतं.

आणि सहा महिन्यांनी त्यांच्या लेकीनं इनामदारच्याच कंपनीत नोकरी धरली. कांचन मगदूम या सासरच्या नावानं. इनामदारला ती केरबाची मुलगी आहे हे कळलं नाही. केरबांना मात्र ती कुणाकडे लागली हे त्याच दिवशी कळलं. त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. ती महिन्या-दोन महिन्यांनी माहेरी यायची, आईजवळ बसायची, जाताना "येते आबा" म्हणायची. केरबा भिंतीकडे बघत राहायचे. तिला सगळं सांगून टाकावंसं वाटायचं, पण केरबांच्या पोटात गोष्ट राहत नव्हती. गल्लीत गेली असती, गल्लीतून कारखान्यात. म्हणून तिनं दात-ओठ आवळून तीन वर्षं ते सोसलं.

तिचं काम होतं बाराही ठिकाणचे सर्व्हर बसवणं आणि सुरू ठेवणं. वाटतं तेवढं सोपं नसतं ते. बारा कारखाने म्हणजे बारा तऱ्हा. चार ठिकाणी लिनक्स. तिथं सर्व्हर आत्ता सुरू करायचा हुकूम वेगळा आणि दर वेळी वीज आल्यावर आपोआप सुरू हो, असं बजावायचा हुकूम वेगळा. सात ठिकाणी विंडोज. तिथं सेवांच्या यादीत आपला सर्व्हर शोधायचा आणि समोरच्या तीन पर्यायांतला एक निवडायचा. आपोआप. कुणी सुरू केला तर. बंद. आणि बारावा नांदगिरीचा, त्याची गंमतच. तिथल्या पॅनच्या जुन्या कंट्रोलरची ऑपरेटिंग सिस्टीम बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती. यादी नाही, पर्याय नाहीत. एक फाइल असायची, यंत्र जागं झालं की ती वरून खाली वाचायचं आणि एकेक ओळ सांगेल तसं करायचं. सर्व्हर त्यात हातानं लिहावा लागे. इनामदारचे पुण्याहून आलेले इंजिनिअर तो सुरू करून, चालतोय बघून, पेढे खाऊन निघून गेले होते, ओळ न लिहिताच. पहिल्यांदा वीज गेली तसा सर्व्हरही गेला. नांदगिरीचा फिटर दगडू मिस्त्री म्हणायचा, "ह्येंचं काम म्हंजे लगीन लावलं, आन् नांदायला पाठवायचं इसरलं."

दगडू केरबांचा जुना सोबती. कांचनला त्यानं पहिल्याच दिवशी ओळखलं, आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही.

त्या जुन्या फाइलमध्येच कांचनला ती ओळ सापडली. बाकी अकरा ठिकाणी कुणीतरी मागाहून नाव आणि तारीख पुसून सारवासारव केली होती. इथली भाषा येणारा माणूस तोवर कंपनी सोडून गेल्यामुळे ही राहून गेली होती. पूर्वहस्तानं मोजा माणसाच्या हातात असतानाच काम करायचं, मोजा काढला की दोन सेकंदांत थांबायचं, असा मूळ नियम होता. त्याच्यापुढे लिहिलं होतं, 'मोजा आवश्यक: नाही. बदल: अ. इनामदार.' तारीख बजरंगच्या अपघाताच्या अकरा दिवस आधीची. केरबांचा चहा-तंबाखूचा वेळ वाया जाऊ नये म्हणून केलेला बदल. मोजा टेबलावर, केरबांच्या हातात कप, आणि चाळीस किलोमीटरवर केरबांचा हात पॅन सोडत होता.

कांचननं त्या पानाच्या तीन प्रती काढल्या. वकिलाकडे गेली असती तर कदाचित आबांवरचा खटला निकाली निघाला असता. पण इनामदार काय म्हणाला असता ते तिला पाठ होतं. तांत्रिक चूक, खालच्या माणसानं केली, कारवाई करू. आणि पुन्हा तसाच समजूतदारपणे हसला असता. ते हसू तिला पुसायचं होतं.

म्हणून ती थांबली, आणि थांबता थांबता तिनं इनामदारला ओळखून घेतलं. त्याला टाळ्या आवडायच्या.

"सर, यंदा दसऱ्याला नांदगिरीत बॉयलर पेटवण्याच्या कार्यक्रमाला तुम्हीच प्रमुख पाहुणे आहात," ऑगस्टमध्ये ती म्हणाली. "बाराही कारखान्यांचा पहिला पॅन तुमच्याच हातानं सोडला तर?"

"माझ्या?"

"पाण्याची चाचणी असते सर तेव्हा. पॅनमध्ये गार पाणीच असतं. मंडपात मोठा पडदा, बारा चौकटी. तुम्ही मोजा घालायचा आणि एकदम बारा ठिकाणी... फक्त थोडा सराव लागेल. सहा तास."

इनामदारचे डोळे चमकले. "बारा ठिकाणी माझाच हात लाव. केरबाचा काढ तेवढ्यापुरता."

"हे मेलवर लिहून द्याल का सर? नियम आहे."

त्यानं लिहून दिलं. सरावाला तो हौसेनं बसला, रोज संध्याकाळी अर्धा तास. कांचन त्याला एकच गोष्ट घोटून घ्यायला लावत होती: चाक धरायचं, फिरवायचं, पॅन सोडायचा. पुन्हा धरायचं, पुन्हा सोडायचं. सर्व्हर जे पाहतो ते शिकतो. इनामदारच्या हाताला दुसरं काहीच येत नव्हतं. पॅन भरलेला दिसला की तो सोडायचा, बस.

दसऱ्याच्या आठ दिवस आधी इनामदार फोटोवाल्याला घेऊन नांदगिरीला आला. "ही टाकी आतून भारी दिसते," म्हणाला आणि चार नंबरच्या पॅनखाली शिडीनं उतरला. जिथं बजरंग उतरला होता तिथंच. कमरेवर हात ठेवून वर बघत उभा राहिला.

वर कठड्यावर कांचन लॅपटॉप घेऊन बसलेली. बॉयलर धुवायला विजेच्या हीटरवर तापवलेलं पाणी त्या दिवशी चार नंबरमध्येच भरून ठेवलं होतं. काटा अठ्ठ्याहत्तर अंशांवर. सर्व्हर चालू होता, केरबांचा हात अजून आतच होता. एक कळ दाबायची. तिचं बोट कळीवर गेलं आणि तिथंच राहिलं. तिला ते हवं होतं, खोटं कशाला बोला. अगदी पोटातून हवं होतं.

पण उद्या नोंदीत पुन्हा 'ऑपरेटर: केरबा चौगुले' आलं असतं. आणि हा नऊ दिवस कण्हून गेला असता, ते वाक्य न बोलता.

तिनं बोट काढलं. "सर, वर या," ती ओरडली. "पॅन भरलेला आहे. खाली थांबायची रीत नाही."

"अगं, कुणी सोडतंय थोडंच!" इनामदार हसत वर आला. फोटो मात्र झकास आले.

त्या आठवड्यात तिनं बाराही सर्व्हर बंद केले आणि पुढच्या जागरणाची तयारी करून ठेवली. लिनक्सना बजावलं, विंडोजवर 'आपोआप' निवडलं, नांदगिरीच्या फाइलमध्ये हातानं ओळ लिहिली. प्रत्येकात हात इनामदारचा, त्याच्याच लेखी सांगण्यावरून. 'मोजा आवश्यक: नाही' ही ओळ बाराही ठिकाणी त्याच्याच हुकमानं आधीपासून होती, तिनं तिला बोट लावलं नाही. एकही खोटी गोष्ट तिनं कुठं लिहिली नाही. आता कुणी एकदा सगळं सुरू करून पाहिलं असतं तर डाव तिथंच उघडा पडला असता. इनामदारच्या इंजिनिअरांनी चेअरमनना तसं विचारलंही.

चेअरमननी कानांवर हात ठेवले. "मुहूर्ताआधी बटण दाबायचं न्हाई. आमच्या कारखान्यात पन्नास वर्षांत कुणी दाबल्यालं न्हाई. दहा बेचाळीसला पावण्यांच्या हातनं दाबायचं, तवाच सगळं पेटायचं."

इंजिनिअरांनी चाचणी रद्द केली.

दसऱ्याच्या सकाळी मंडप गच्च भरला होता. बॉयलर इन्स्पेक्टर पहिल्या रांगेत, मागे कामगार, बायका-पोरं, उसाला लावलेली झेंडूची तोरणं. कांचननं पहाटेच अकरा कारखान्यांच्या फिटरांना फोन केले होते. टाकीची शिडी काढून घ्या, कुलूप लावा, आणि बरोबर दहा चाळीसला हाळी द्या. नांदगिरीची हाळी तिनं स्वतः दिली. चार नंबरच्या कठड्यावरून वाकून, तीनदा, आबांच्याच चालीवर. "पॅन सोडतोय रे!" खाली दगडू टाकीभोवती फिरून आला. वर बघून ओरडला, "सोडा!"

दहा बेचाळीसला इनामदारनं बटण दाबलं, आणि बाराही कारखान्यांत पॅनच्या यंत्रांना एकदम वीज मिळाली. सनई वाजली, नारळ फुटला, चेअरमननी त्याला फेटा बांधला. मग तो बोलायला उभा राहिला. उजव्या हातात माइक, डाव्यात सत्काराचा नारळ. मोजा कांचनच्या हातात, ट्रेमध्ये, मंचाच्या पायऱ्यांशी.

"मित्रहो," इनामदार म्हणाला, "हात हा माणसाचा सर्वांत मोठा..."

लिनक्स लवकर जागं होतं. पडद्यावरच्या पहिल्या चार चौकटींत यांत्रिक हात हलले, चाकं फिरली, पाणी कोसळलं. खाली अक्षरं उमटली, 'पॅन सोडला. ऑपरेटर: अभिराम इनामदार. उजवा हात.' चार वेळा.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. इनामदारनं वळून पाहिलं आणि त्याला कळेना हसावं की काय. "थांबा, अजून... कांचन, मोजा कुणी घातलाय?"

"मोजा इथं आहे सर." तिनं ट्रे उंच धरला.

मग विंडोजवाले सात जागे झाले. एकामागून एक. 'अभिराम इनामदार. उजवा हात. अभिराम इनामदार. उजवा हात.' टाळ्या थांबल्या. आणि शेवटी, वरून खाली आपली फाइल वाचून झाल्यावर, नांदगिरीचं जुनं यंत्र. ते पडद्यावर बघावं लागलं नाही. वीस टन पाणी चार नंबरमधून रिकाम्या टाकीत आदळल्याचा आवाज मंडपात आला तेव्हा बायकांनी पोरं जवळ ओढली. कामगारांत कुणीतरी "बजरंगच्या टायमालाबी आसंच..." म्हणालं.

बॉयलर इन्स्पेक्टर उठले. "इनामदार, टाकीची तपासणी व्हायच्या आधी पॅन कुणाच्या परवानगीनं सोडलात?"

"मी नाही सोडला!"

"तुमचं नाव आहे."

"अहो पण मी इथं उभा आहे!" इनामदारचा फेटा कलला होता. त्यानं दोन्ही हात वर केले, माइक आणि नारळासकट. आवाज फाटून भोंग्यातून गावभर गेला. "माझे हात इथं आहेत! बघा ना, सगळे बघा! माझे हात माझ्याजवळ आहेत!"

मंडपातल्या सगळ्या माना त्या दोन हातांकडे वळल्या.

मागून दगडूचा आवाज आला. "मग तवा केरबाचं हात कुटं हुतं, सायेब?"

कांचन पायऱ्या चढली. ट्रे टेबलावर ठेवला, आणि माइकच्या इतक्या जवळ उभी राहिली की तिचं बोलणंही भोंग्यातून जावं.

"मशीन खोटं बोलत नसतं, सर," ती म्हणाली. "मी केरबा चौगुल्यांची मुलगी."

मग तिनं पडद्यावर ते पान लावलं. मोजा आवश्यक: नाही. बदल: अ. इनामदार. आणि तारीख. इन्स्पेक्टरांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि दुसरी प्रत मागितली. इनामदारनं माइक टेबलावर ठेवला. समजूतदार हसू कुठंच नव्हतं. सुडानं माणूस रिकामा होतो असं कांचननं ऐकलं होतं. तिला तसं काही वाटलं नाही. तिला भरून पावल्यासारखं वाटलं.

ती माहेरी पोचली तेव्हा जेवणवेळ टळून गेली होती. कार्यक्रम कारखान्याच्या वाहिनीवर थेट होता, गल्लीतल्या प्रत्येक घरानं बघितला होता. दारात चपलाच चपला होत्या, पण ती आत आली तशी माणसं उठून बाहेर गेली. केरबा भिंतीला टेकून बसले होते, उजवा हात मांडीखाली. समोर ताट, भाकरी तशीच.

कांचन त्यांच्यापुढे बसली. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिच्याकडे बघितलं.

"हाळी दिली हुतीस काय?" केरबांनी विचारलं.

"दिली, आबा. तीनदा."

"खालनं जबाब आला?"

"दगडूकाकांनी दिला. बाराही ठिकाणी हाळी देवविली. मगच."

केरबांची मान हलली, दाणा धरल्यावर हलायची तशी. त्यांनी मांडीखालून उजवा हात काढला. तो पांढुरका पडला होता, बोटं आखडली होती. त्यांनी ती दोनदा उघडमीट केली आणि भाकरीचा तुकडा मोडला. आई तोंड फिरवून चुलीकडे गेली. कांचनला हुंदका आला, आणि तिनं तो आवरला नाही.

दोन घास झाल्यावर केरबा म्हणाले, "त्येचा हात कुटं हाय आता?"

"कारखान्यांतनं काढून टाकला. माझ्या लॅपटॉपवर एक आहे. सरावाचा."

"पुसून टाक, पोरी. माणसाचा हात आसा ठेवू न्हाई. माझा ठेवला त्येनी, बघितलंस न्हवं."

"व्हय, आबा."

तिनं तिथंच बसून लॅपटॉप उघडला. सेवांच्या यादीत तो सापडला. पुसून टाकायचं बटण कोपऱ्यात होतंच. त्याच्या वर तेच तीन पर्याय होते. आपोआप. कुणी सुरू केला तर. बंद. केरबा मान खाली घालून जेवत होते, उजव्या हातानं. इनामदारवरचा खटला अजून उभा राहायचा होता. त्याला चांगले वकील मिळणार होते. आणि बजरंगची आई या गल्लीतून अजून रोज जाणार होती.

कांचननं मधला पर्याय निवडला, लॅपटॉप मिटला आणि आबांच्या ताटात दुसरी भाकरी वाढली.